लातूरची सुई

शेषेराव फोनवर कसा बोलायचा ते एकदा बघायला पाहिजे होतं. फोन कानाला लावायचा असतो हे त्याच्या गावीच नव्हतं. तळहातावर भाकरी घ्यावी तसा फोन आडवा धरायचा, स्पीकर चालू करायचा, आणि या बांधावरून त्या बांधावरच्या गड्याला हाक मारावी तशा आवाजात बोलायचा. त्यामुळं त्याच्या घरात काय शिजतंय ते अर्ध्या धर्माबादला न विचारता कळायचं. बायको, सिंधू, कितीदा म्हणाली असेल, अहो, ते बटण बंद करत जा. पण ऐकेल तो शेषेराव कसला!

त्या दिवशी पंचाक्षरीअप्पांच्या आडतीवर मिरचीची पोती उतरवून तो टेकला होता. हंगाम ऐन भरात होता, आडतीत जो तो शिंकत होता. शेजारी त्याचा मेहुणा भुजंग, म्हणजे सिंधूचा थोरला भाऊ, आणि आणखी पाचसहा शेतकरी मिरचीचा दर फुटायची वाट बघत बसलेले. तेवढ्यात लातूरहून पोरीचा फोन आला.

ऋतुजा त्याची एकुलती एक. सतरा वर्षांची, बारावीला. लातुरात मुलींच्या होस्टेलात राहून डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करून राहिली होती. पोरगी हुशार, पण एक खोड होती. पुस्तकात जसं छापलंय तसंच बोलायची, समोर कोण आहे ते बघायची नाही.

"पप्पा, आमच्या होस्टेलच्या मुलींना लस देणार हायेत. मंजुश्री मॅडम म्हणल्या, घरून परवानगी आल्याशिवाय मी कुणाला नेत नसते."

"कशाची लस? करोना परत आला का काय?"

"करोना न्हाई हो पप्पा. एचपीव्हीची. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो ना, त्याचा विषाणू. लैंगिक संबंधातून पसरतो. संबंध सुरू व्हायच्या आधी लस घेतली की चांगलं संरक्षण मिळतं."

आडतीतल्या शिंका बंद झाल्या. अप्पा वयानं मोठे, त्यांनी मान खाली घालून काट्याकडं बघितलं. कुणीतरी खाकरलं. शेषेरावला ते बटण सापडेना, बोटं नुसती काचेवरून घसरायला लागली.

"चूप!" तो ओरडला. "बापाशी बोलायच्या गोष्टी हायेत का या? आपल्या घरात असल्या सुईची गरज न्हाई. अभ्यास कर गुमान!" आणि एकदाचा फोन बंद झाला.

"लातूरचं पाणीच येगळं हाय बाबा," एकजण म्हणाला, आणि बाकीचे हसले. भुजंग मात्र हसला नाही. शेषेरावला त्याचंच जास्त लागलं.

आता यात पोरीचं काय चुकलं ते तुम्हीच सांगा. पण गावाला चूकबिक लागत नाही, गावाला विषय लागतो. संध्याकाळपर्यंत सुई राहिली बाजूला आणि रोगच पोरीला झाला. शेषेरावच्या पोरीला लातुरात तसलं काहीतरी लागलंय म्हणे, आता डॉक्टर सुया देऊन राहिलेत म्हणे. किराणा दुकानात शेषेराव शिरला की बोलणारे गप व्हायचे. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा, पण भांडायचं कुणाशी?

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला भुजंग घरी आला. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि मुद्द्यावर आला.

"दाजी, लोक काय बोलून राहिलेत ते तुमच्याबी कानावर आलंच असंल. मी मामा हाय पोरीचा. उद्या गाडी काढतो, तिला घेऊन येऊ. वैशाखात अठरा पुरी होती. सुपारी फोडून ठेवू आन आमच्या सत्यमला करून घेतो मी. मामानंच सून करून नेली म्हणल्यावर कुणाची हाय हिंमत तोंड उघडायची?"

त्या भागात भाचीला सून करून घ्यायचा पहिला मान मामाचा. ऋतुजा पाळण्यात होती तेव्हापासून भुजंग हे म्हणत आला होता, आणि शेषेराव तेव्हापासून टाळत आला होता. आधी शिकू दे, मग बघू. सत्यम पोरगं वाईट नव्हतं. खताचं दुकान चालवायचं, व्यसन नाही, उलट बोलणं नाही. पण बापाला पोरगी डॉक्टर झालेली बघायची होती. आडतीवर कुणाचं पोट दुखलं तरी तो म्हणायचा, थांबा दोनचार वर्षं, आमची डॉक्टरीण येऊन राहिली. तिला एकदा लातूरहून उठवलं की ती पुन्हा जाणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. माहीत असून तो म्हणाला, "काढ गाडी."

सिंधू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "पोरगी नेमकं काय म्हणली हो?" तिनं विचारलं. "कशाचा कॅन्सर म्हणली?"

"तुला काय करायच्यात त्या चौकशा? इथं नाक कापून हातात दिलं तिनं!"

"मीबी येते उद्या," सिंधू म्हणाली. "पोरीचं सामान तुम्हाला आवरता येणार न्हाई."

सकाळी निघाले. भुजंग गाडी चालवायला, शेजारी शेषेराव, मागं सिंधू एकटी. नायगावात तिनं गाडी थांबवायला लावली, बसस्टँडवर जाऊन आली. मुखेडला पुन्हा थांबवली. "काय सिंधे, निघताना जाऊन यायचं न्हाई का?" भुजंग वैतागला. रंग उडालेला होता तिचा, पण पुढं बसलेल्या माणसांना मागचा रंग कुठून दिसणार?

पुढं दोघांचं एकच दळण चाललं होतं. मोबाईल, लातूर, आजकालच्या पोरी. शेवटी शेषेराव म्हणाला, "मी सांगतो भुजंग. ज्या बाईचं पाऊल वाकडं पडतं तिलाच होतो असला रोग. घरंदाज बाईला होतच न्हाई. मंग आपल्या पोरीला ती सुई कशापायी पाहिजे? सुई घेतली म्हणजे वाकडं चालायची तयारीच की!"

"हाव," भुजंग म्हणाला. "बराबर बोललात."

सिंधूनं पदर तोंडावर ओढला आणि चाकूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

होस्टेल क्लासच्या गल्लीत होतं, तीन मजली, खिडक्यांना जाळ्या. मंजुश्री मॅडम तिथल्या सर्वेसर्वा. पुरुषमाणूस फाटकातल्या दोन खुर्च्यांच्या पुढं जायचा नाही, बाप असो नाहीतर कलेक्टर, हा त्यांचा नियम. शेषेराव फाटकातूनच कडाडला, "आमच्या पोरीला न्यायला आलोय. तुम्ही इथं पोरींना काय काय शिकवून राहिलात ते समजलं आम्हाला!"

"काका, पोरगी तुमची, तुम्ही न्या," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण आवाज खाली. वर पोरी पेपर सोडवून राहिल्यात. आईला आत येऊ द्या, तुम्ही बसा."

बसले दोघं खुर्च्यांवर. एक पिशवी, एक गादी, चार पुस्तकं, आवरायला असा कितीसा वेळ लागणार? पण सिंधू येईना. भुजंग दोनदा चहा पिऊन आला. शेषेरावला आता पोरीसमोर उभं कसं राहायचं याची धास्ती वाटायला लागली होती. ती रडली तर आपला निश्चय टिकणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो मनातल्या मनात राग पेटता ठेवत होता.

शेवटी तिघी बाहेर आल्या. मंजुश्री मॅडमच्या खांद्याला पर्स. ऋतुजाचे डोळे लाल, आईचा हात घट्ट धरलेला. सामान कुठंच दिसत नव्हतं.

"पिशवी कुठाय?"

"दवाखान्यात जायचंय पप्पा."

"सुईला? अगं मी न्हाई म्हणलो ना! तुम्ही काय बापाला—"

"तिच्यासाठी न्हाई," सिंधू म्हणाली. "माझ्यासाठी जायचंय."

"तुला काय झालं?"

"तिथं गेल्यावर कळंल," ती म्हणाली, आणि त्याच्याकडं न बघता गाडीत जाऊन बसली.

दवाखाना बायकांचा होता. डॉक्टर हुमा म्हणून मूळच्या उदगीरच्या, वयानं चाळिशीच्या, कामापुरतं बोलणाऱ्या. सिंधूला घेऊन ऋतुजा आत गेली, मंजुश्री मॅडम केसपेपर काढायला गेल्या. भुजंग गाडीला सावली शोधायला गेला. शेषेराव दारासमोरच्या बाकावर बसून राहिला, आजूबाजूला सगळ्या बायका, नजर कुठं ठेवावी कळेना. अंगावरून पाणी जात असेल, अशक्तपणा असेल, दोन सलाईन लावतील, असं तो स्वतःला समजावत होता. मग त्याचं नाव पुकारलं गेलं.

"बसा," डॉक्टर म्हणाल्या. "गर्भपिशवीच्या तोंडाला जखम आहे यांच्या. तपासायला तुकडा घेतलाय. मला कॅन्सरची शंका येतेय. अहवाल येईपर्यंत मी पक्कं काही बोलणार नाही, पण फार पसरलेलं दिसत नाही, उपचार होतील. दिवाळीपासून मधेच रक्त जातंय म्हणतात. तुम्हाला काहीच माहीत नव्हतं?"

"न्हाई," शेषेराव म्हणाला. खरं होतं ते. एका छपराखाली राहून त्याला खरोखर माहीत नव्हतं.

"कशानं होतं हे मॅडम?"

"बहुतेक वेळा त्याच विषाणूनं, ज्याची लस तुम्ही मुलीला नको म्हणालात."

शेषेराव खुर्चीत पुढं सरकला. "पण मॅडम, ही बाई... हिचं पाऊल कधी..."

"पावलाचं मी विचारलं का?" डॉक्टरांचा आवाज जरा चढला. "रोज ऐकते मी हे. हा विषाणू संबंधातून येतो, आणि नवराबायकोचे संबंध हेही संबंधच असतात. पुरुषाकडून बाईला, बाईकडून पुरुषाला. पुरुषाला तर बहुधा कळतसुद्धा नाही. बहुतेकांना कधी ना कधी होऊन जातो, आपोआप बराही होतो. एखादीच्या अंगात मात्र वर्षानुवर्षं मुक्काम करतो आणि मग असं होतं. कुणाकडून आला ते कुणालाच सांगता येत नाही, आणि मी विचारतही नाही. यांच्या लग्नाआधी ही लस इकडं मिळत असती तर ही वेळ बहुतेक आली नसती. मुलींना देतो, मुलांनाही देता येते. विषाणू काय बाईच बघून येतो का?"

शेषेराव ऐकत होता आणि मनात नको तो हिशेब सुरू झाला होता. सिंधू एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली. तेव्हापासून घर, रान, आणि वर्षातून एकदा भाऊबिजेला माहेर. तिच्याबद्दल त्याच्या मनाला शंका शिवलीसुद्धा नाही. मग उरला कोण? लग्नाआधी तो मिरचीचे ट्रक घेऊन निजामाबादेला जायचा, मुक्काम करायचा. तिथं काय झालं, काय नाही, ते आपण कशाला उकरा? त्याचं त्याला आठवलं, तेवढं बास.

बाहेर आला तर सिंधू बाकावर टेकली होती. ऋतुजा शेजारी. तो समोर उभा राहिला. बसायची हिंमत होईना.

"मला का सांगितलं न्हाईस?"

सिंधूनं मान वर केली. इतक्या वर्षांत तिनं त्याच्याकडं असं कधी बघितलं नव्हतं.

"काय सांगू? गाडीत काय म्हणलात ते आत्ताच इसरलात का? आन ते काय आज पहिल्यांदा म्हणलात? वरच्या आळीतल्या कोंडाबाईला हा रोग झाला तवा सगळं गाव हेच म्हणलं, तुम्हीबी म्हणलात, जेवताना, माझ्यापुढं बसून. ती मेली तर तिच्या घरी कुणी भाकरी घेऊन गेलं न्हाई. मी मरायला भ्याले न्हाई हो. तुमच्या तोंडाला भ्याले."

शेषेरावला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"परवा पोरगी फोनवर बोलली, ते शेजारणीनं हसत हसत येऊन सांगितलं मला," सिंधू पुढं म्हणाली. "सगळे हसले. मला मातर समजलं, मला काय झालंय ते. म्हणून आले. सामान आवरायला कोण येतंय?"

तेवढ्यात भुजंग आला. "काय म्हणली डॉक्टरीण?"

शेवटी ऋतुजाच बोलली, नेहमीसारखं, पुस्तकातलं. "मामा, आईला गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची शंका हाय. एचपीव्हीमुळं होतो तो."

भुजंगनं बहिणीकडं बघितलं. पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, जशी ही बाई आज पहिल्यांदाच दिसली. "सिंधे," तो म्हणाला, "हे काय ऐकून राहिलो मी?"

सिंधूची मान खाली गेली.

आता नीट ध्यानात घ्या. शेषेरावला इथं काही करायची गरज नव्हती. नुसतं गप बसला असता तरी भागलं असतं. त्याला कुणी विचारलं नसतं, पुरुषाला कोण विचारतं? भुजंगनं बहिणीला बोल लावला असता, गावानं लावला असता, आणि शेषेरावच्या वाट्याला दयाच आली असती, बिचाऱ्याच्या नशिबी अशी बायको आली म्हणून. पोरगीही मग आपसूक मामाच्या घरी गेली असती, कारण अशा आईच्या पोरीला दुसरं कोण करून घेतंय? सगळं विनासायास झालं असतं.

"तिच्याकडं काय बघतोस?" शेषेराव म्हणाला. "माझ्याकडं बघ. तिला ते माझ्यापासून आलंय."

आवाज त्याचा मुळातच तसला, बांधावरचा. अख्ख्या वऱ्हांड्यातल्या बायका वळून बघायला लागल्या. एका म्हातारीनं तर माळ जपता जपता थांबून कान दिला.

"दाजी! हळू की," भुजंग जवळ येऊन कुजबुजला. "लोक ऐकून राहिलेत. अशा गोष्टी बोलायच्या असतेत का? गावात मुतखडा झाला म्हणू. आपण दोघंच सांगायचं, मुतखडा."

"न्हाई. मुतखडा म्हणायचं न्हाई. अप्पाच्या आडतीवर सगळ्यांसमोर मी सांगणार हाय, खरं काय ते. कोंडाबाईला बोललो ते काय परत घेता येत न्हाई. हिच्यावर कुणी बोट उचललं तर बघतो त्याला."

हे म्हणताना त्याला भीती वाटत होती, खोटं कशाला बोला? आडतीवरची तोंडं त्याच्या डोळ्यांपुढं आली, ते खाकरणं आलं, ते हसणं आलं. उद्यापासून त्याचं नाव कुठल्या कुठल्या तोंडी कसं कसं निघणार ते त्याला दिसत होतं. पण मागं फिरायला आता वाट नव्हती, आणि त्याला फिरायचंही नव्हतं.

तो पोरीकडं वळला. "ती सुई कुठं देतेत?"

"इथंच, खालच्या खोलीत. पण पप्पा, तुम्ही तर मला न्यायला..."

"कुठं न्यायला? परीक्षा कोण देणार, मी? चल. परवानगी पाहिजे म्हणत होत्या ना तुझ्या मॅडम? मी सोता येतो सांगायला."

ऋतुजाला आता रडू फुटलं. मंजुश्री मॅडम जिन्यापाशी उभ्या होत्या, त्यांनी उगीच पर्समध्ये डोकं घातलं.

भुजंग तिथंच उभा होता. गाडी घेऊन भाचीला न्यायला आलेला माणूस तो, त्याच्या हाताला काहीच लागलं नव्हतं. "दाजी," तो म्हणाला, "मंग आमच्या सत्यमचं काय?"

"सत्यमलाबी घेऊन ये पुढच्या आठवड्यात. पोरांनाबी देता येते ही सुई, डॉक्टरीण म्हणली."

भुजंग भडकलाच. "माझ्या पोराला? असल्या रोगाची सुई? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? माझं पोरगं तसलं न्हाई!"

"माझी बायको तरी कुठं तसली होती?" शेषेराव म्हणाला, आणि पोरीला घेऊन जिना उतरायला लागला.

भुजंग बहिणीशेजारी बाकावर टेकला. तिच्याकडं बघायचं म्हटलं तर जमेना, म्हणून समोरच्या भिंतीकडं बघत राहिला.

"लई दुखतं का गं?" त्यानं विचारलं.

"हाव," सिंधू म्हणाली. "लई दुखतं, दादा."